गालावरचं बटण

कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँड ओलांडला की जिन्याखाली एक खोली आहे. दारावर ‘सहाय्यक साधन कक्ष’ अशी पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. सगळे तिला खुडबुड्यांची खोली म्हणतात.

खुडबुडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तुटलेलं भिंग, अडकलेला तराजू, रुसलेला पंखा, काहीही हाती लागलं की ते घेऊन कोपऱ्यात खुडबुडत बसायचे, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सहा वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असा एक कक्ष हवा आणि तो चालवायला माणूस हवा. कॉलेजला माणूस नेमायचा नव्हता, होता तोच वापरायचा होता. खुडबुड्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. त्यातले चार दिवस शिकवणाऱ्या मॅडमच तापानं झोपून होत्या.

पण माणूस हाडाचा कारागीर. सायकलच्या मुठीचं रबर कापून त्यांनी एका मुलाला पेन धरायची पकड करून दिली. घरच्या जुन्या गादीतला फोम व्हीलचेअरच्या पाठीला लावला, तेव्हा बायको म्हणाली होती, “अहो, गादी नेलीत ते नेलीत, निदान मला उठवून तरी न्यायची.” अंध मुलांसाठी पुस्तक वाचून दाखवणारा संगणक, खिळे ठोकल्यासारखा आवाज करत ब्रेलची पानं छापणारं यंत्र, सगळं त्यांच्या हातात मांजरासारखं शांत व्हायचं. प्रशिक्षणातल्या मॅडम फोनवर नेहमी बजावायच्या, “सर, प्रत्येक मुलाचं सेटिंग वहीत लिहून ठेवा हं.” हे हसायचे. “मॅडम, आमटीत मीठ मोजून घालतं का कुणी?” ही फुशारकी घरी सांगितली तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “मीठ नाही मोजत मी. पण डब्यांवर चिठ्ठ्या आहेत माझ्या.”

ते तेव्हाही हसले होते.

त्यांच्या खोलीत दोन वर्षांपासून एक मुलगी येत होती. वय एकवीस, हातपाय तिच्या ताब्यात नाहीत, जीभही नाही. डोकं मात्र असं की समोरच्यानं सांभाळून बोलावं. खुडबुडे तिला बाईसाहेब म्हणत, कारण खोलीत तिचाच हुकूम चालायचा. तिच्या खुर्चीला एक टॅब्लेट बसवलेला होता आणि डाव्या गालाशी, वाकणाऱ्या दांडीवर, रुपयाएवढं एक बटण. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. उजेडाची पट्टी एकेका ओळीवरून खाली सरकायची, प्रत्येक ओळीला ‘टिक’ व्हायचं. हवी ती ओळ आली की बाईसाहेब गालानं बटण दाबायच्या. मग उजेड त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकायचा. पुन्हा गाल. काना, मात्रा, वेलांटी, सगळं असंच. ‘पाणी’ एवढा शब्द लिहायला गाल आठदा दाबावा लागतो.

म्हणून तिनं वाक्यं साठवली होती. एकदा लिहून ठेवलं की पुढच्या वेळी दोन दाबांत यंत्र ते वाक्य म्हणून दाखवायचं. “मला ऐकू येतं, मोठ्यानं बोलू नका.” “आई, तू ऐकत नाहीस, नुसती मान हलवतेस.” आणि खास खुडबुड्यांसाठी, “सर, हा विनोद तुम्ही सोमवारीच केला होता.” अशी नऊशेच्या वर वाक्यं. शिवाय यंत्राला तिचे शब्द पाठ झाले होते, दोन अक्षरं दिली की पुढचा शब्द ते आपणहून सुचवायचं. एक कप्पा तिनं कुलूपबंद करून घेतला होता. त्याचं नाव ‘माझं’. त्यात काय आहे हे खुडबुड्यांनी कधी पाहिलं नाही, तिच्या आईनंही नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तीन पट्ट्या होत्या. उजेड किती वेगानं सरकावा ही पहिली. बटण किती वेळ दाबलं म्हणजे खरं दाबलं मानायचं ही दुसरी. तिसरी सगळ्यांत नाजूक. बाईसाहेबांचा गाल एकदा दाबला की मागून आपोआप फडफडायचा, ती फडफड यंत्रानं किती वेळ कानाआड करायची ते या पट्टीवर ठरायचं. खुडबुडे डोळे मिटून टिकटिक ऐकत आणि बोटानं पट्टी केसभर सरकवत. आकडा त्यांनी कधी पाहिला नाही.

बाईसाहेबांचा पदवीचा एकच पेपर राहिला होता, इतिहासाचा. पहिल्या वेळी यंत्राला परवानगीच मिळाली नाही. एक लेखनिक दिला, त्याला तिच्या डोळ्यांचं हो-नाही कळेना. दुसऱ्या वेळी यंत्र होतं, वेळ पुरला नाही, अकरा गुण कमी पडले. नियम तीन संधींचा. येत्या गुरुवारी तिसरी.

मंगळवारी सकाळी परीक्षा विभागातल्या बाई आल्या. काटेकोर, पण वाईट नव्हेत. नियमाचा कागद पुढे करून म्हणाल्या, “यंत्र माझ्यासमोर पूर्ण रिकामं करा. नंतर सेटिंग आणि रोजची वाक्यं परत घाला, माझी हरकत नाही. गुरुवारी सकाळी मी तपासणार. अभ्यासाची टिपणं सापडली तर पेपर रद्द.”

“होऊन जाऊ दे,” खुडबुडे म्हणाले. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावरचा बाईसाहेबांच्या नावाचा पिवळा फोल्डर बोटानं उचलला आणि त्यात टाकला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच झालं. “बघा! आमच्याकडे काम कसं चटकन होतं.”

नऊशे वाक्यं आणि पापणी लवायला लागते तेवढा वेळ. तिथं शंका यायला हवी होती. पण समोर कुणी बघत असलं की हात जरा जास्तच सराईत होतो.

यंत्रानं विचारलं, सगळं पुसायचं? त्यांनी ‘हो’ दाबलं. यंत्रानं पुन्हा विचारलं, नक्की? त्यांनी ‘नक्की’ दाबलं.

बाई सही करून गेल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह मोठ्या संगणकाला लावला. त्यात एकच गोष्ट होती. पिवळ्या फोल्डरचं चिमुकलं चित्र आणि त्याच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण.

फोल्डर कधी त्या जागी नव्हताच. यंत्राच्या पोटात कुठंतरी तो होता आणि पडद्यावर होता तो नुसता त्याच्याकडे जाणारा रस्ता. खुडबुड्यांनी घराचा पत्ता जपून खिशात ठेवला होता आणि घर पाडलं होतं.

त्यांनी तो बाण सात-आठ वेळा दाबून पाहिला. मग मॅडमना फोन केला.

“पुसताना साधं पुसलंत की पूर्ण?” मॅडमनी विचारलं.

“पूर्ण. नियमात तसंच आहे.”

“मग गेलं, सर. सेटिंगचे आकडे आहेत ना लिहिलेले? तेवढे घाला, म्हणजे निदान...”

खुडबुड्यांनी “बघतो” म्हणून फोन ठेवला. मग बायकोला लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, “त्या मायलेकींना सांगितलंत?”

“नाही अजून.”

“मग मला आधी कशाला सांगताय?”

दुपारी तीनला दोघी आल्या. यंत्र सकाळपासून खोलीत असल्यामुळे बाईसाहेब मुक्याच होत्या. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही, एवढ्यावरच त्यांचं चाललं होतं. आई घामाघूम, खुर्ची उतारावरून ओढत आणलेली. खुडबुड्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि ग्लास तिच्या हातात असतानाच सांगून टाकलं.

“म्हणजे परत घालाल ना उद्यापर्यंत?” आई म्हणाली. तिला कळलंच नव्हतं.

“नाही, ताई. नाही घालता येणार. गेलं ते.”

“सगळं?”

“सगळं.”

आईनं ग्लास टेबलावर ठेवला, न पिता. “दादा, ती बोलायला लागून दोन वर्षं झाली हो फक्त. त्याआधी एकोणीस वर्षं तिच्या वतीनं मी बोलत होते. आणि मी चुकीचं बोलत होते हे तिनं मला सांगितलं, ते ह्याच मशीनवर. हिला दूध आवडतं म्हणून मी जगाला सांगत फिरत होते. तिला दूध आवडतच नव्हतं.”

खुडबुडे बाईसाहेबांकडे वळले. तिचे डोळे रिकाम्या पडद्यावर होते. घशातून एक आवाज आला, दार करकरावं तसा. तो हसण्याचा असतो आणि रडण्याचाही असतो. आज कुठला हे विचारायची गरज नव्हती.

“बाईसाहेब, ते ‘माझं’ म्हणून होतं...” खुडबुड्यांनी खाली वाकून विचारलं. “ते आठवून पुन्हा लिहिता येईल का? आज नाही, पुढं कधीतरी?”

तिनं खाली पाहिलं. नाही.

बुधवारी सकाळी आठलाच तिघं खोलीत बसले. वाक्यांचा विचार सोडूनच दिला होता, आता तीन पट्ट्या तेवढ्या जुळवायच्या होत्या. खुडबुडे डोळे मिटून ऐकू लागले. पण ते जे ऐकायचे ते टिक आणि टिकमागून येणारा तिचा नेमका श्वास असायचा. आज तिचा श्वासच जागेवर नव्हता. उजेड जोरात ठेवला तर हवी ती ओळ निसटायची, हळू ठेवला तर तीन तासांच्या पेपरला तीन दिवस लागले असते. तिसरी पट्टी जरा कमी पडली की ‘क’च्या जागी ‘कक’ उमटायचं. जास्त झाली की खरा दाबसुद्धा यंत्र गिळून टाकायचं.

“अजून एकदा, बाईसाहेब. फक्त ‘राजा’ लिहा.”

‘रराज’.

“अजून एकदा.”

अकराच्या सुमाराला आईनं लेकीच्या गालावर तळहात ठेवला. “गरम झालाय. आता नुसता थरथरतोय, दादा. आज सगळा संपवलात तर उद्या ही कशानं लिहिणार?”

ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. गाल दुरुस्त करायला गालच खर्ची पडत होता. जुळवायला पन्नास दाब लागले तर परीक्षेतले पन्नास दाब कमी.

“तुम्ही घरी जा,” ते म्हणाले. मग काहीतरी सुचून त्यांनी आईला थांबवलं. “ताई, फोनमध्ये हिचा व्हिडिओ आहे का एखादा? लिहितानाचा?”

एक होता. गेल्या हिवाळ्यातला, ह्याच खोलीतला, जेमतेम सव्वा मिनिटाचा. त्यात खुडबुडे स्वतःच्याच विनोदावर हसत होते आणि बाईसाहेबांचं यंत्र सपाट आवाजात म्हणत होतं, “सर, हा विनोद तुम्ही सोमवारीच केला होता.” मागं टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. नऊशेपैकी एवढं एक वाक्य शिल्लक राहिलं होतं, ते त्यांनी यंत्रात परत घातलं. पण खुडबुड्यांना हवी होती ती टिक. एकटे असताना त्यांनी घड्याळ लावून ती मोजली. एका मिनिटात त्रेचाळीस. म्हणजे एका ओळीला एक पूर्णांक चार दशांश सेकंद. पहिली पट्टी सापडली. त्यानंतर वेग जरा वाढवला होता हे त्यांना आठवत होतं, किती ते आठवत नव्हतं. त्यांनी त्याच आकड्यावर ठेवली.

उरलेल्या दोन पट्ट्या ऐकू येत नाहीत. त्यांनी बटणाची दांडी आपल्या खुर्चीला बांधली, हात मांडीखाली घातले आणि डाव्या गालानं ‘राजा’ लिहायला बसले. मान हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत जबडा दुखायला लागला. एक शब्द लिहायला त्यांना साडेतीन मिनिटं लागली आणि तोही चुकला. हे काम ती दोन वर्षं रोज करत होती, वर त्यांच्या विनोदांना उत्तरं देत होती. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा ते तसेच बसले होते.

“काय हो, दाताची ट्रीटमेंट का?” त्यानं विचारलं.

खुडबुड्यांना हसायला यायला हवं होतं. गाल वळला नाही.

गुरुवारी परीक्षेची वेगळी खोली दिली होती, दाराला चौकोनी काच असलेली. परीक्षा विभागातल्या बाईंनी यंत्र तपासलं. आत एकच वाक्य सापडलं. त्यांनी ते दाबलं, ऐकलं, खुडबुड्यांकडे पाहिलं आणि ‘हरकत नाही’ असं कागदावर लिहिलं. वेळ तीन तास आणि वरचा एक. खुडबुड्यांनी बाहेर बसायचं, यंत्र बंद पडलं तरच आत यायचं.

ते दारालगतच्या बाकावर बसले. टिक, टिक, टिक. पहिला अर्धा तास बरा गेला. मग मधूनमधून एक वेगळा आवाज येऊ लागला, अक्षर खोडल्याचा. आधी पाच मिनिटांतून एकदा. मग दोन मिनिटांतून. खुडबुड्यांना न बघता कळत होतं काय होतंय ते. तिचा गाल दमला होता, मागची फडफड लांबली होती, आणि यंत्र प्रत्येक फडफडीला दाब समजत होतं. तिसरी पट्टी उजवीकडे केसभर, फक्त केसभर सरकवायची. एका बोटाचं काम.

दुसऱ्या तासाला त्यांच्यानं राहवेना. त्यांनी दार किलकिलं केलं. बाई उठून आल्या.

“यंत्र बंद पडलंय का?”

“नाही. पण जरा...”

“मग नाही.” आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “मला कळतंय हो. पण तुम्ही आत पाऊल टाकलंत तर पेपर माझ्या हातूनच रद्द होईल.”

दार लागलं. काचेतून त्यांना बाईसाहेबांची मान दिसत होती, घामानं चिकटलेले केस दिसत होते. आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, तिच्या मांडीवर लेकीचा रुमाल. प्रत्येक खोडण्याच्या आवाजाला ती रुमालाची एक घडी घालायची. रुमाल संपला की झटकायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा बाईसाहेब चौथ्या प्रश्नाच्या मध्यावर होत्या. प्रश्न सहा होते. शेवटचं वाक्य ‘त्यामुळे प्रजेचा’ इथं तुटलं होतं.

बाईंनी उत्तरं काढून घेतली, पाकीट बंद केलं आणि व्हरांड्यात खुडबुड्यांच्या हाती एक कागद दिला. “हा घटनेचा अहवाल. तासाभरात माझ्याकडे आला तरच पुढं जाईल. तो नसेल तर ही तिची तिसरी संधी धरली जाईल, विषय संपला. अहवाल असेल तर परीक्षा मंडळ संधी परत द्यायचा विचार करतं.” त्यांनी पेनही पुढं केलं. “विचार करतं. देतंच असं नाही.”

कागदावर दोन चौकोन होते. यंत्रातील बिघाड. कक्षप्रमुखाची चूक.

“पहिल्यावर खूण केली तर यंत्र तपासणीसाठी जमा होईल,” बाई म्हणाल्या. “तीन महिने लागतील, चार लागतील. लोक बहुधा पहिल्यावरच करतात.”

“आणि दुसऱ्यावर?”

“तर कक्ष दुसऱ्या कुणाकडे जाईल. तुम्ही परत प्रयोगशाळेत. तेही चौकशी नीट पार पडली तर.”

खुडबुडे बाकावर बसले. चार महिने ती पुन्हा वर पाहील आणि खाली पाहील. त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. खाली जागा दोनच ओळींची होती. त्यांनी लिहिलं, ‘मी प्रत काढली असे समजलो. प्रत काढली नव्हती. सेटिंगचे आकडे मी कधीच लिहून ठेवले नाहीत.’ बावीस अधिक सहा वर्षांत त्यांनी कामाबद्दल लिहिलेलं हे सगळ्यांत लांब लिखाण होतं.

जिन्याखालच्या खोलीत आई लेकीच्या गालाला ओलं फडकं लावत होती. खुडबुड्यांनी अहवालाचं सांगितलं. चौकोनाचंही सांगितलं. आईनं फडकं पुन्हा भिजवलं. बाईसाहेबांनी मात्र बटणाकडे नजर टाकली, मग आईकडे, मग पुन्हा बटणाकडे.

“नको गं आता, सोन्या. चार तास झाले.”

तिनं खाली पाहिलं. नाही.

आईनं दांडी गालाशी आणली. टिक, टिक. खुडबुडे भिंतीला टेकून उभे राहिले. शिवी असेल तर ती ऐकायचीच असं त्यांनी ठरवलं होतं. एकेक अक्षर येत होतं, दुप्पट होत होतं, खोडलं जात होतं. शेवटी यंत्र आपल्या सपाट आवाजात बोललं.

“लिहून ठेवा.”

“काय?”

तिचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यात गेले, जिथं त्या तीन पट्ट्या होत्या.

खुडबुड्यांनी कपाट उघडलं. मॅडमनी सहा वर्षांपूर्वी दिलेली वही तळाशी होती, कोरी करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी पहिल्या पानावर ‘पट्टी पहिली’ लिहून पुढं ‘१.४’ लिहिलं. तिसरी पट्टी केसभर उजवीकडे सरकवली. जिच्यासाठी सकाळभर जीव तळमळला होता ती सरकवायला कुणाचीच हरकत नव्हती. मग आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावून दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीशेजारचे आकडे वाचले आणि लिहिले.

“झालं. आता माझ्या जागी कुणीही येऊ दे.”

तिनं एकदा बटण दाबून पाहिलं. एकच अक्षर आलं, पण मागची फडफड थोडी निसटली आणि उजेड भलत्या ओळीवर जाऊन थांबला.

तिनं खाली पाहिलं.

“नाही?”

नाही.

खुडबुड्यांनी तिसऱ्या आकड्यावर काट मारली, पट्टी आणखी केसभर सरकवली आणि पेन वहीवर टेकवून तिच्या गालाकडे बघत थांबले.